इतिहास आवडतो, पण भूगोलही शिकवावा लागेल

पत्र थोडक्यात असं : पत्रलेखिका इतिहास घेऊन विद्यापीठात पदवी करत आहेत, पहिलं वर्ष नुकतंच संपलं आहे. माध्यमिक शाळेत सामाजिक शास्त्रं शिकवायची, हे त्यांचं दहावीपासून ठरलेलं. पुढच्या दोन वर्षांसाठी सहा ऐच्छिक पेपर निवडायचे आहेत आणि तिथेच त्या अडल्या आहेत. सगळे पेपर इतिहासाचे घेतले तर विषय पक्का होईल. पण शाळेत इतिहासाबरोबर भूगोल, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्रही वाट्याला येतं, आणि भूगोलाची त्यांना लहानपणापासून धास्ती आहे. प्राध्यापक म्हणतात, आधी एम.ए. करा, मग शिकवण्याचं बघा. सनावळ्या लक्षात राहत नाहीत, ही आणखी एक खंत. शेवटी त्या विचारतात : विद्यापीठात आम्ही साधनांची चिकित्सा करतो, एकाच घटनेची चार स्पष्टीकरणं तपासतो, शाळेच्या पुस्तकात मात्र एक अख्खं साम्राज्य चार पानांत आटोपतं. मग हे शिकलेलं वर्गात लागणार कुठे? ‘विषय पुरेसा आल्याशिवाय मुलांसमोर उभं राहायची माझी हिंमत होणार नाही,’ असं त्या लिहितात.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न त्याच्याच पोटात आहेत. विषय ‘पुरेसा’ येणं म्हणजे किती? एखाद्या कालखंडावर आयुष्य घालवलेला अभ्यासकही शेजारच्या कालखंडाबद्दल जपून बोलतो. आणि तुम्हाला तर एकाच वर्षात एका वर्गाला मेसोपोटेमिया, दुसऱ्याला फ्रेंच राज्यक्रांती आणि तिसऱ्याला शीतयुद्ध शिकवायचं असणार. या सगळ्यावर पकड बसेल मगच वर्गात जाईन असं ठरवलंत, तर तो दिवस उगवणारच नाही. तुमची तयारी कमी पडते आहे, असं मला पत्र वाचून वाटलं नाही. ती एकाच दिशेने चालली आहे, एवढंच.

शिक्षकाला लागणारं ज्ञान थोडं वेगळ्या जातीचं असतं. ली शुलमन या शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये त्याकडे नेमकं बोट दाखवलं : विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याचं सर्वसाधारण तंत्र यांच्या मधोमध एक तिसरी गोष्ट असते. हा मुद्दा या वयाच्या मुलाला कुठे अडतो, कुठली चुकीची समजूत घेऊन ते वर्गात आलेलं असतं आणि कोणत्या उदाहरणाने गाठ सुटते, याची जाण. ही जाण इतिहासाचा आणखी एक पेपर घेऊन येत नाही.

शतकांचंच उदाहरण घ्या. अठरावं शतक म्हटलं की तेरा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपुढे १८०० हा आकडा येतो. प्लासीची लढाई १७५७ ची, म्हणजे ‘सतराव्या’ शतकातली, असं ते ठामपणे लिहितं आणि मार्क गमावतं. इसवी सनापूर्वीची वर्षं उलटी मोजायची, हे आणखी कठीण. अशोकाचा काळ सुमारे इ.स.पू. २६८ ते २३२ असं फळ्यावर लिहिलंत की कोणीतरी हमखास विचारणार, ‘बाई, आधी २६८ आणि मग २३२ कसं?’ त्यात शून्य नावाचं वर्षच नाही. ऑगस्टस इ.स.पू. २७ मध्ये रोमचा सम्राट झाला आणि इ.स. १४ मध्ये वारला. मुलं बेरीज करून ४१ सांगतात, खरी वर्षं ४०. तुम्हाला हे माहीत आहे, पण मुलाला ते कुठे अडतं याचा विचार तुम्ही कधी केला नसेल, कारण तुम्हाला ते अडलंच नाही. उपाय साधा आहे. दहा मीटर दोरी घ्या, एक मीटरला ५०० वर्षं धरा. पाच हजार वर्षं मावतात. चिमटे लावून घटना टांगायला मुलांना सांगा. १९५० पासून आजपर्यंतचा सगळा काळ शेवटच्या पंधरा सेंटीमीटरांत येतो, हे पाहून वर्ग थबकतो. एक चूक मात्र सर्रास होते : जागा कमी पडली की प्राचीन काळ आखडून आधुनिक काळ ताणला जातो. तसं केलंत तर दोरीचा सगळा उपयोग गेला. प्रमाण सोडू नका.

आता सनावळ्या. पाठांतर कमी म्हणून तुम्ही स्वतःला दोष देता आहात, पण तारखांचा उपयोग काय, हे एकदा तपासा. सुटी तारीख कुणाच्याच लक्षात राहत नाही आणि राहिली तरी फारशी कामाची नसते. तारखा साखळीत आल्या की त्या बोलू लागतात. पहिल्या महायुद्धाची सुरुवात बघा : २८ जून १९१४ ला सारायेवोत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून. २३ जुलैला ऑस्ट्रियाचा सर्बियाला निर्वाणीचा खलिता. २८ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध, ३ ला फ्रान्सविरुद्ध. ४ ऑगस्टला ब्रिटन जर्मनीविरुद्ध उतरलं. खून आणि खलिता यांच्यात पंचवीस दिवस गेले आणि २८ जुलैपासून आठ दिवसांत या चार युद्धघोषणा झाल्या. ‘खुनामुळे महायुद्ध पेटलं’ हे वाक्य त्या पंचवीस दिवसांपाशी अडखळतं. तेवढ्या काळात काय चाललं होतं, असं मुलं आपणहून विचारतात. तारखा हव्यात त्या या कामासाठी. प्रत्येक घटकाला तीन ते पाच तारखा निवडा, त्यांच्यामधलं अंतर मोजा, आणि ‘एवढा वेळ का लागला’ किंवा ‘एवढ्या लवकर कसं झालं’ असा एक प्रश्न सोबत लिहा. बाकीच्या तारखा पुस्तकात पाहून सांगितल्या तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तुमचा सगळ्यात बोचरा प्रश्न : चिकित्सा शिकून उपयोग काय? इथे माझं तुमच्याशी सपशेल दुमत आहे. पदवीतली तीच तर वर्गात सर्वांत जास्त चालणारी गोष्ट आहे. सॅम वाइनबर्ग या अमेरिकन शिक्षणमानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये काही इतिहासकार आणि शाळेतले काही हुशार विद्यार्थी यांना अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या लेक्झिंग्टनच्या चकमकीविषयीचे कागद वाचायला दिले. विद्यार्थ्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. इतिहासकारांची नजर आधी कागदाच्या टोकाला गेली : लिहिणारा कोण, केव्हा लिहिलं, कुणासाठी. त्यातल्या काही इतिहासकारांचा तो विषयही नव्हता. पुस्तकी माहितीत विद्यार्थी त्यांच्या फार मागे नव्हते. फरक वाचण्याच्या सवयीत होता. ती सवय तुम्हाला आत्ता लागते आहे. चौदा वर्षांच्या मुलाला ती लावता येते, फक्त घास लहान हवा.

हा लहान घास कसा करायचा, ते एका तासापुरतं खोलात बघू. विषय अशोक आणि कलिंगचं युद्ध; हातात चाळीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं फक्त नकाशा. कलिंग कुठे, पाटलीपुत्र कुठे, आणि जिथे शिलालेख कोरले ती ठिकाणं कुठे : गिरनार, काल्सी, शाहबाजगढी, धौली, जौगड. मग तेराव्या शिलालेखाचा मजकूर सोप्या मराठीत, साठ-सत्तर शब्दांत, प्रत्येक जोडीला एक कागद : दीड लाख माणसं देशोधडीला लागली, एक लाख मारली गेली, त्याहून कितीतरी पट मेली, आणि देवांच्या लाडक्या राजाला त्याचा पश्चात्ताप होतो आहे. मुलांना तीन प्रश्न द्या : बोलतंय कोण, कुणाला उद्देशून, आणि हे सगळीकडे कोरून त्याला काय साधायचं असेल? दहा मिनिटं. मग नकाशाकडे परत या आणि त्यांना सांगा की धौली आणि जौगड ही कलिंगमधली ठिकाणं. तिथल्या खडकांवर हा पश्चात्तापाचा लेख नाही. त्याच्या जागी दोन वेगळे लेख आहेत, तिथल्या अधिकाऱ्यांना उद्देशून. त्यात राजा म्हणतो, सर्व माणसं माझी मुलं आहेत. आता प्रश्न एकच : ज्यांच्यावर युद्ध लादलं, नेमक्या त्यांच्याच भूमीत हा लेख का नसावा?

पंधरा मिनिटं चर्चा सहज चालते. कोणी म्हणेल, जखमेवर मीठ नको म्हणून. कोणी म्हणेल, एवढे मेले हे वाचून लोक बंड करतील म्हणून. कोणी म्हणेल, लाज वाटली असेल. प्रत्येकाला विचारा, ‘हे तू कशावरून म्हणतोस?’ शेवटच्या पाच मिनिटांत वहीत तीन वाक्यं : माझा अंदाज, त्याला आधार, आणि काय मिळालं तर माझा अंदाज बदलेल.

हा तास कुठे फसतो, तेही सांगते. एक, मजकूर तीनशे शब्दांचा दिला की निम्मा वर्ग दुसऱ्या परिच्छेदात गळतो. दोन, प्रश्न विचारून शिक्षक स्वतःच उत्तर देऊन टाकतात. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेने १९७० च्या दशकात प्राथमिक विज्ञानाच्या वर्गांचं ध्वनिमुद्रण तपासलं, तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद वर्गात फार लांब वाटतात, मनात मोजा. तीन, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं : तास संपताना मुलं विचारतात, ‘मग खरं कारण काय, बाई?’ घाईने एखादं ‘खरं कारण’ देऊन मोकळं होऊ नका. दगडावर कारण कोरलेलं नाही. पुरावा इथपर्यंतच पोचतो आणि पुढे तर्क सुरू होतो, असं स्पष्ट सांगा. मुलांना ते झेपतं. यातले बहुतेक लेख ज्या लिपीत आहेत ती ब्राह्मी लिपी जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाने १८३७ मध्ये उलगडली, तेव्हा लेखांमधला ‘देवानांपिय पियदसि’ राजा कोण, हा प्रश्न होता. श्रीलंकेतल्या ग्रंथांवरून तो अशोक असं ठरलं आणि १९१५ मध्ये कर्नाटकातल्या मस्कीच्या लेखात प्रत्यक्ष ‘अशोक’ हे नाव सापडलं. पुरावा असाही नंतर हाती लागतो, हे त्यांना इथेच कळू द्या.

शाळेच्या पुस्तकातली चार पानं अपुरी असतात, हे खरं. पण असा एक तास त्या चार पानांच्या आत बसतो. वर्षभर रोज असं करता येणार नाही, अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. घटकाला एक असा तास आणि बाकीचे सरळ सांगण्याचे, हे प्रमाण नव्या शिक्षकाला झेपतं.

आता ऐच्छिक पेपर. सहापैकी सहा इतिहासाचे घेऊ नका. माझ्या मते दोन भूगोलाचे घ्या, एक प्राकृतिक आणि एक मानवी. एक अर्थशास्त्राची तोंडओळख, एक राज्यघटना किंवा शासनव्यवस्थेचा, आणि उरलेले दोन इतिहासाचे. त्यातही ज्या प्रदेशाबद्दल किंवा काळाबद्दल तुम्हाला काहीच माहिती नाही, ते. आधुनिक काळाचे चार पेपर घेणारे पुष्कळ भेटतात आणि पुढे सहावी-सातवीला प्राचीन जग शिकवताना त्यांना पाठ्यपुस्तकापलीकडे एक वाक्य बोलता येत नाही. प्रकल्प किंवा लघुप्रबंध असेल तर विषय छोटा घ्या आणि मूळ साधनांवर करा. शंभर पानांच्या दुय्यम वाचनापेक्षा वीस मूळ पत्रं किंवा एका वर्षाची वर्तमानपत्रं वाचणं तुम्हाला शिक्षक म्हणून जास्त देऊन जाईल.

भूगोलाची धास्ती. ‘मला भूगोल जमत नाही’ असं म्हणणाऱ्या बहुतेकांना नद्यांच्या आणि पिकांच्या याद्या जमलेल्या नसतात. भूगोलाशी त्यांची खरी गाठ पडलेलीच नसते. तुम्ही इतिहासाच्या दारातून आत शिरा. वास्को द गामा १४९८ च्या एप्रिलअखेर आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून, मालिंदीहून निघाला आणि २० मे रोजी कालिकतजवळ पोचला. महिनाही लागला नाही. परत जाताना ऑगस्टअखेर कालिकत सोडलं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला किनारा मागे टाकला आणि मालिंदी गाठेपर्यंत १४९९ चा जानेवारी उजाडला. वाटेत स्कर्व्हीने (‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने) इतके खलाशी मेले की पुढे हाकायला माणसं नाहीत म्हणून एक जहाज जाळावं लागलं. समुद्र तोच होता, जहाजं तीच होती, फरक वाऱ्याचा. जाताना नैर्ऋत्य मोसमी वारा पाठीशी होता. येताना ईशान्येचा वारा नीट सुरू व्हायच्या आधीच ते निघाले. हे समजावताना तुम्हाला जमीन आणि पाणी यांच्या तापण्या-निवण्यातला फरक, वायुदाब आणि ऋतू हे सगळं लागेल. म्हणजे मोसमी वाऱ्यांचा अख्खा धडा झाला.

तरी काही गोष्टी हाताने केल्याशिवाय येत नाहीत, त्यांना आठवड्याचा एक तास द्या. दहा मिनिटं जगाचा किंवा खंडाचा आराखडा आठवणीने काढायचा, मग नकाशाशेजारी धरून चुका लाल रंगाने. पुढे एक उदाहरण : ३६० अंशांना २४ तास, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं, दोन शहरांच्या रेखांशांवरून वेळेतला फरक काढा. पंधरा मिनिटं नकाशाचं प्रमाण : १:५०,००० म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) एकमेकींच्या जवळ आल्या की चढ उभा. उरलेला वेळ तापमान-पावसाचे आलेख वाचायला. चार महिन्यांत हात बसतो. आणि भिंतीवरच्या नकाशावर आंधळा विश्वास नको. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये जहाजांना दिशा धरून जाता यावं म्हणून जो नकाशा केला, त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो. प्रत्यक्षात ग्रीनलंड सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर आणि आफ्रिका तीन कोटींच्या वर, म्हणजे चौदा पट. नकाशा कुणी, कशासाठी काढला? हा प्रश्न तर तुमच्या इतिहासाच्या वर्गातलाच.

अर्थशास्त्राचा पेपर घ्या म्हणते त्याचं कारण असं की त्याविना इतिहासही चुकीचा शिकवला जातो. जर्मनीत १९१४ मध्ये एका डॉलरला सुमारे ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी. ढकलगाडीत भरलेल्या नोटांचं वर्णन वर्गात रंगतं आणि लगेच पुढचं वाक्य येतं, ‘म्हणून हिटलर सत्तेवर आला.’ पण तो चलनफुगवटा १९२३ च्या अखेरीस नवं चलन आणून आटोक्यात आणला गेला आणि मे १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला अवघी २.६ टक्के मतं होती. सप्टेंबर १९३० मध्ये ती १८.३ टक्के झाली, जुलै १९३२ मध्ये ३७.३. मध्ये घडली ती १९२९ ची मंदी. १९३२ च्या सुरुवातीला जर्मनीत साठ लाखांच्या आसपास लोक बेकार होते. भाव भडकणं आणि भाव कोसळून कामं जाणं ही दोन वेगळी संकटं आहेत. १९२३ च्या आठवणीने लोक पुढेही धास्तावलेले होते, हे खरंच. पण या दोन संकटांतला फरक शिक्षकाला न कळल्यामुळे चुकीचं कारण पिढ्यान्‌पिढ्या वह्यांत उतरत राहतं.

नागरिकशास्त्राची काळजी तुम्ही केलेली नाही आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती फारशी करावीही लागत नाही.

पेपरांचा अर्ज भरण्याआधी एक काम मात्र कराच. तुम्हाला जिथे नोकरी करायची आहे तिथल्या शिक्षकभरतीच्या मागच्या दोन-तीन जाहिराती आणि पात्रतेचे नियम मिळवून स्वतः वाचा. कोणत्या पदाला पदवीचे कोणते विषय चालतात, ते किती वर्षं किंवा किती श्रेयांकांचे (क्रेडिटचे) असावे लागतात, गुणांची किमान अट काय, आणि प्रशिक्षणात कोणत्या दोन अध्यापन पद्धतींची जोडी धरतात, हे चारही मुद्दे लिहून काढा. हे नियम ठिकाणागणिक आणि काळागणिक बदलतात. ऐकीव माहितीवर विसंबून पहिल्या वर्षानंतर सोडून दिलेला विषय पुढे ‘पदवी स्तरावर अभ्यासलेला’ म्हणून धरला गेला नाही, तर ती चूक दुरुस्त करायला वर्ष जातं. माझ्या वरच्या शिफारशी आणि हे नियम यांत कुठे विरोध आला तर नियमाचं ऐका. आणि प्रशिक्षणात इतिहासाच्या जोडीला भूगोलाची पद्धती मिळत असेल तर तीच घ्या. वेळापत्रक लावताना शाळेला दोन्ही विषय घेऊ शकणारं माणूस हवं असतं.

एम.ए. आधी की बी.एड.? तुमचे प्राध्यापक मनापासूनच सांगत असणार, आणि तुम्हाला अकरावी-बारावीला किंवा महाविद्यालयात शिकवायचं असेल तर त्यांचं बरोबर आहे. पण तुमच्या पत्रात तसं काहीच नाही. आठवी ते दहावी शिकवायचं असेल तर तुमची उणीव खोलीची नाही, रुंदीची आणि सरावाची आहे, आणि एम.ए. नेमकी खोली देते. म्हणून आधी प्रशिक्षण, दोन-तीन वर्षं वर्ग, आणि मग एम.ए., असा क्रम मी सुचवेन. तेव्हा काय शोधायचं ते तुम्हाला ठाऊक असेल. याची किंमतही सांगते : नोकरी आणि संसार सुरू झाल्यावर पुन्हा अभ्यासाला बसणं अवघड असतं आणि काहींचं एम.ए. राहून जातं. एखाद्या संशोधनाच्या विषयाने तुम्हाला आत्ताच झपाटलं असेल, तर त्याला थांबवून ठेवू नका. पदवी आणि प्रशिक्षण एकत्र देणारे अभ्यासक्रमही असतात. पण तुमचं एक वर्ष झालेलं आहे, त्यामुळे ते श्रेयांक तिकडे धरले जात असतील तरच त्या वाटेला जा.

तुम्ही विचारलेलं नाही ते मीच विचारते. इतिहास आवडतो, हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांचा सहवास आवडतो का? पानभर पत्रात मुलं फक्त एकदाच आली आहेत, आणि तीही ‘समोर उभं राहण्याची’ भीती म्हणून. याचं उत्तर घरी बसून मिळणार नाही. एखाद्या शाळेची परवानगी काढून दोन आठवडे मागच्या बाकावर बसा. शिक्षक काय करतात ते पाहू नका. एक मूल निवडा आणि दर पाच मिनिटांनी ते काय करतंय ते लिहा. कुठल्या क्षणी त्याचं लक्ष उडालं आणि कशाने परत आलं, हे कळतं. मग आठवड्यातून एकदा चार-पाच मुलांना चाळीस मिनिटं शिकवा. ओळखीतली, शेजारची, कोणतीही चालतील. सहा महिने केलंत तर आपल्याला हे आवडतं की नाही, याची शंका उरत नाही. सोबत कामाचा हिशेबही पाहा. समजा पाच तुकड्या, प्रत्येकी पंचेचाळीस मुलं, सव्वादोनशे वह्या. एका वहीला चार मिनिटं दिली तरी पंधरा तास. म्हणून अनुभवी शिक्षक दर वेळी सगळं तपासत नाहीत. एका खेपेला एकच उत्तर आणि त्यातली एकच गोष्ट, जसं की ‘दाव्याला आधार दिला आहे का’, एवढंच बघतात. तुम्हीही तसंच करा, नाहीतर पहिल्याच सहामाहीत पाठ टाचणं रात्री बारापर्यंत जातील.

वर्गात एक दिवस असाही येतो की एखादं मूल दुखावून म्हणतं, ‘आमच्या घरी तर वेगळं सांगतात.’ इतिहास शिकवणाऱ्याला हे टळत नाही. फळ्यावर तीन रकाने आखा : साधन काय म्हणतं, अभ्यासक काय अर्थ लावतात, लोक काय मानतात. मुलाचं म्हणणं आदराने तिसऱ्या रकान्यात लिहा आणि तिथून पहिल्याकडे वर्गाला न्या. त्याच्या घरच्यांना खोडून काढायचं नाही आणि पुरावाही सोडायचा नाही. तुमचं स्वतःचं राजकीय मत तिन्हींपैकी एकाही रकान्यात येत नाही. वापरलेल्या उताऱ्याची प्रत आणि पाठ्यपुस्तकाचं पान एका फायलीत ठेवत जा. पालक विचारायला आले तर तीच फाईल त्यांच्यापुढे उघडायची.

आणि आजपासून करता येईल असं : जाड कागदाची कार्डं आणा. एका घटकाला एक कार्ड, आणि त्यावर मावेल तेवढंच. वर एक प्रश्न, तीन तारखा, हाताने काढलेला छोटा नकाशा, साठ शब्दांचा उतारा, मुलांच्या दोन संभाव्य चुकीच्या समजुती आणि तास संपताना विचारायचं एक वाक्य. दोन आठवड्यांना एक या वेगाने दोन वर्षांत पन्नासएक कार्डं होतील, आणि सराव पाठांच्या वेळी तुमच्या लक्षात येईल की बाकीचे शून्यातून सुरुवात करत असताना तुमच्या हातात काहीतरी आहे.

पहिलं कार्ड मिठाचं करा. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघून ६ एप्रिलला दांडीला उचललेलं मीठ, मध्ये सुमारे ३८५ किलोमीटर. गुजरातचा सखल किनारा आणि ऊन असताना मीठ बनवणं सोपं का, हा भूगोल. गरीब असो की श्रीमंत, शरीराला मीठ जवळपास सारखंच लागतं, मग त्यावरच्या कराचा बोजा कुणाला जास्त, हे अर्थशास्त्र. कायदा उघडपणे मोडून शिक्षा मान्य करणं आणि कायदा चुकवणं यांत फरक काय, हे नागरिकशास्त्र. कार्ड लिहून झालं की तेरा वर्षांच्या एखाद्या मुलाला समोर बसवून ते सांगा, आणि जिथे जिथे ते ‘म्हणजे काय?’ म्हणेल, ती जागा लाल शाईने खूण करून ठेवा.